मिस्त्रीची झडप

प्रिय ठकूबाई,

एकाच हॉटेलात, एकाच मजल्यावर, मधे दोन खोल्या सोडून राहणाऱ्या मुलीला बाप पत्र लिहितो, म्हणजे एकतर त्याचं डोकं फिरलेलं असणार किंवा त्याने काहीतरी करून ठेवलेलं असणार, एवढं तू ओळखलंच असशील. सकाळी नाश्त्याला तुझ्यासमोर बसून मी दोनदा तोंड उघडलं. तू पावाला लोणी लावता लावता म्हणालीस, "बाबा, तुम्ही काही बोलू नका, मी बघते सगळं." आणि मी निमूट अंडं खात बसलो. तोंडावर सांगायची हिंमत आपल्यात नाही, हे तेव्हाच कळून चुकलं. रविवारी तू जी गाडी चालवणार आहेस तिच्याबद्दल लिहायचंय, आणि मिस्त्रीबद्दल.

ती शर्यतीची गाडी तुला तोंडपाठ आहे. तरी पुन्हा सांगतो, मला मुद्द्यावर यायला वळसा लागतो. आम्ही ती बांधली तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांकडे बारा सिलिंडरची इंजिनं होती आणि आमच्याकडे एक पत्र्याची शेड, मी, मिस्त्री आणि तिघंचौघं हौशी. इंजिन घेतलं ते घरगुती गाडीचं, ज्या गाडीतून लोक मुलांना शाळेत सोडतात. त्याला जोडला ट्रकचा टर्बो. एरवी नळीतून वाया जाणारा तापलेला धूर एका पंख्यावर सोडायचा, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबणार. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. ऐकायला किती सोपं. पहिल्या वर्षी आम्ही इतके पिस्टन वितळवले की मिस्त्रीने त्यांचे ॲश-ट्रे करून लोकांना वाटले. दाबलेली हवा तापते हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं, पण ती गार करायला वाटेत रेडिएटरसारखी एक जाळी बसवावी लागते, हे तिसरं इंजिन गेल्यावर आमच्या डोक्यात आलं.

मग आली झडप. दाब हाताबाहेर गेला तर इंजिन फुटतं, म्हणून ठरलेल्या आकड्याला ती उघडते आणि जास्तीचा धूर पंख्याकडे न जाता बाहेर सुटतो. बाजारातल्या झडपा सुस्त निघाल्या तेव्हा मिस्त्रीने स्वतः लेथवर एक घडवली. तिची स्प्रिंग मनासारखी मिळेपर्यंत त्याने दुकानदारांना भंडावून सोडलं होतं. तुला ठाऊकच आहे तो कसा आहे. त्याच्या कामाला कोणी बोट लावलं तर तो सात पिढ्यांचा उद्धार करतो. माझ्या लग्नात त्याने तुझ्या आईच्या वडिलांना जेवणाच्या पंगतीत धरून ती झडप समजावून सांगितली होती, आणि त्या सज्जन माणसाने शेवटपर्यंत मान डोलावली होती.

पण त्या गाडीची खरी खोड वेगळी. दाब चढेपर्यंत ती अगदीच मवाळ असते, ज्या घरगुती गाडीचं इंजिन काढलं तिच्याहूनही मंद. ॲक्सिलरेटरवर पाय दिला तरी आधी काहीच होत नाही. मग पंखा फिरू लागतो, दाबाचा काटा चढतो आणि पाठीत कोणीतरी लाथ घालावी तशी ती सुटते. म्हणून वळणातून बाहेर पडताना ताकद हवी असेल, तर वळणात शिरतानाच पाय द्यावा लागतो. रस्ता दिसत नसतो, दोन्ही गुडघ्यांशेजारी पेट्रोलच्या टाक्या असतात, तरी द्यावा लागतो. ही गोष्ट मी तुला लहानपणापासून इतक्यांदा सांगितली की तुझी आई म्हणायची, पोरीला बाराखडीच्या आधी टर्बो येणार. ट्रॅकच्या मागच्या बाजूच्या लांब वळणावर मी डोळे मिटूनसुद्धा पाय द्यायचो, असंही सांगायचो. डोळे मिटायचं सोडलं तर ते खरं होतं.

आता या आठवड्याचं. मिस्त्रीने दोन वर्षं राबून ती गाडी पुन्हा उभी केली. आताच्या मालकांनी विकत घेतली तेव्हा ती एका गोदामात ताडपत्रीखाली पडली होती, चाकं जाम, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. झडप मात्र तीच, त्याचीच, नुसती घासून-पुसून बसवलेली. रविवारच्या जुन्या गाड्यांच्या सोहळ्यात पहिली फेरी मीच मारावी असा मालकांचा आग्रह होता. तू यायच्या आधी मी सरावाला उतरलो. जुना पोशाख पोटावर बसेना म्हणून मिस्त्रीने माझी भरपूर टिंगल केली. मी अगदी मजेत होतो, ठकू. पहिल्या वळणापर्यंत.

पाय गेलाच नाही. लांब वळण आलं, मला ठाऊक होतं आता द्यायचा, आणि पाय तिथेच राहिला. पुढच्या फेरीत ठरवून गेलो, स्वतःला शिव्या घातल्या, तरी तेच. सरळ रस्त्यावरसुद्धा दाब चढायला लागला, काटा नुसता थरथरला, की मी पाय काढून घेत होतो. मला त्या गाडीची भीती वाटली. जिच्या जिवावर मी आयुष्यभर फुशारक्या मारल्या, तिच्यात मी एखाद्या शिकाऊ माणसासारखा कडेकडेने फिरून परत आलो.

ट्रॅकच्या कडेला, पिटमध्ये सगळे उभे होते. मालक, छायाचित्रकार, मिस्त्री. मी हेल्मेट काढलं आणि काहीही न ठरवता तोंडातून निघालं, "दाबच धरत नाहीये. झडप उघडी अडकलेली दिसते." किती सफाईदार खोटं, बघ. झडप उघडी अडकली तर गाडी नेमकी तशीच मरगळून चालते. दुसऱ्या कोणाला ते सुचलंही नसतं. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता हा माझी सालटी काढणार. पण तो एवढंच म्हणाला की उघडून बघतो.

त्याने ती उघडली. टेबलावर सगळे भाग मांडले, हवेचा दाब देऊन स्प्रिंग पुन्हा पुन्हा तपासली, झडप जिथे टेकते ती बैठक भिंगाखाली धरली, नळ्या काढून फुंकून पाहिल्या. मी दुसऱ्या दिवशीही तिथे खुर्ची टाकून बसलो होतो आणि वर सूचना करत होतो, हे लिहिताना माझा मलाच संताप येतोय. त्याला काहीही सापडलं नाही. त्याने सगळं होतं तसं पुन्हा बसवलं.

मग तू आलीस. मी मालकांना पाठदुखीचं कारण सांगून गाडी तुला देऊन टाकली, आणि सगळ्यांना वाटलं, बापाचं मन केवढं मोठं. तू दुसऱ्याच फेरीला त्या वळणात पाय दिलास. आम्ही पिटच्या भिंतीपाशी उभे होतो, आवाजावरूनच समजलं. तू बाहेर आलीस तेव्हा गाडीच्या मागून जाळाची जीभ निघाली होती आणि मालक लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. आता जे लिहितोय ते वाचून तुला माझी किळस आली तरी मी तक्रार करणार नाही. अभिमान नंतर वाटला. आधी वाटलं, हिचाही पाय जायला नको होता.

तू उतरलीस, हसत विचारलंस की झडपेला काय झालं होतं. मिस्त्रीने उत्तर द्यायच्या आत मीच बोललो, अडकत होती, याने मोकळी केली. आणि तो, ज्याने आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नाही तो, खाली बघत म्हणाला, "हो, जरा चिकटत होती." तुझा चेहरा बदलला. तू ब्रेक तपासण्याची नोकरी करतेस, तुला अशा गोष्टी खपत नाहीत, आणि तुझं म्हणणं बरोबरच होतं. आज उघडी अडकली, उद्या बंद अडकली असती, दाब चढतच गेला असता, तर टाक्यांच्या मधे बसलेल्या माणसाचं काय झालं असतं? "माझ्या बाबांच्या जिवाशी खेळलात तुम्ही, काका." सगळ्यांसमोर बोललीस. त्याने हात पुसायचं फडकं घडी करून ठेवलं आणि ऐकून घेतलं. मी तिथेच उभा होतो, हातात चहाचा कप धरून. दोन पावलांवर. मी तो चहा संपवला.

काल त्याच्या वर्कशॉपवर गेलो. तो पाने कापडात गुंडाळून पेटीत भरत होता. मी म्हटलं, मला बोलायचंय. तो म्हणाला, नको बोलूस, तुझा पाय मला आवाजावरून कळतो, पहिल्याच फेरीत कळलं होतं. मग झडप उघडलीस कशाला, असं मी विचारलं. त्याने हातातला पाना कापडात गुंडाळून पेटीत टाकला. मग म्हणाला, "वाटलं, आपलंच चुकत असेल. काहीतरी सापडावं असं फार वाटत होतं रे मला." आणि ठकूसमोर कबूल का झालास, असं विचारल्यावर त्याने मला एक सणसणीत शिवी दिली आणि म्हणाला, पोरीसमोर दुसरं काय सांगणार होतो. मला रडू आलं. त्याने स्टूल पुढे केलं आणि नेहमीसारखी माझ्या पोटाची चेष्टा केली, ती मला अजिबात सहन झाली नाही.

आज नाश्त्यानंतर मालकांकडे जाऊन मी सगळं सांगून आलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते गोड हसले, म्हणाले, वयाप्रमाणे चालायचंच, आणि मला दारापर्यंत सोडायला आले. पण मिस्त्रीला काढण्याचा निर्णय बदलायला ते तयार नाहीत. या मिस्त्रीने हात लावलेल्या गाडीत मी बसणार नाही, असं तू त्यांना सांगितलंयस, आणि चालवणारीचा शब्द अखेरचा असं त्यांचं म्हणणं आहे. मी जुन्या मित्राला पाठीशी घालतोय, असंही त्यांना वाटत असावं. उद्या गाडी दुसऱ्या वर्कशॉपला जाईल, तिथे ती झडप काढून नवी विकतची बसवतील, आणि रविवारी मिस्त्री पिटमध्ये नसेल. म्हणून हे पत्र. झडपेत काही नव्हतं, ठकू, भीती माझ्या पायात होती. मालकांना आजच फोन कर, आणि मग मिस्त्रीकडे जा. मी त्याची माफी मागितली आहे, पण तू जे बोललीस ते फक्त तुलाच परत घेता येईल. तो तुला दारातच अडवेल, म्हणेल झडप खरंच चिकटत होती, तुझा बाप उगाच मनाला लावून घेतोय. त्याचं ऐकू नकोस. आणि या खेपेला माझी बाजू घेऊ नकोस.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
बाबा