कोऱ्या कार्डातला पाऊस

अकोले, ३ फेब्रु. १९७१
पुण्याच्या कॉम्प्युटरवरून बंधाऱ्याचं गणित एस.टी.च्या पार्सलने आलं. पुराचं जादा पाणी सोडणारा सांडवा किती रुंद ठेवायचा, ते यंत्राने सांगितलंय. आम्ही हाताने करत बसलो असतो तर उन्हाळा गेला असता. साहेब खूष. पाडव्याला नारळ फोडू म्हणतात. मला सांडवा अरुंद वाटतो. खाली वस्ती आहे. बोललो तर साहेब म्हणाले, "यंत्रापेक्षा शहाणा का तू?"

७ फेब्रु.
गणितातले पावसाचे आकडे तपासले. गेल्या श्रावणात एके दिवशी सगळीकडे धो धो आणि वरच्या वाडीला शून्य. पटत नाही. यंत्राला आकडे देतात ते भोकांचं कार्ड पार्सलमधून काढून पाहिलं, तर त्या दिवसाची जागा कोरी.

८ फेब्रु.
जीपने वाडीवर. पावसाच्या भांड्यातलं पाणी मोजून लिहिणारे दगडूबाबा भेटले. विचारलं, त्या दिवशी पाऊस नव्हता का?
"नव्हता कसा? लई हुता. वढ्याला गळ्याइतकं पानी. पल्याड भांड्यापाशी जानार कसा? मोजलं न्हाई, म्हून लिवलं न्हाई."
वर्षातला सगळ्यात मोठा पाऊस, आणि मोठा होता म्हणूनच नोंदीत नाही. यंत्राने कोऱ्याचं शून्य केलं, म्हणून सांडवा अरुंद निघाला.

१३ फेब्रु., पुणे
जोशी (कॉलेजातला, आता कॉम्प्युटरवर) म्हणतो, "कोरं म्हणजे शून्य, यंत्राची रीतच ती. आणि हे सबरूटीन, कार्ड वाचणारा प्रोग्रामचा तुकडा, सगळेच वापरतात. मध्येच अडलं तर बोंब होते."
"होऊ दे बोंब. त्याने परस्पर पांघरूण का घालायचं? ज्याने काम सांगितलं त्याला कळू दे."
भांडलो. चहा. मग दोघे कामाला बसलो. आता कार्ड आधी आकडे म्हणून नाही, अक्षरं म्हणून वाचायचं, म्हणजे कोरं आणि शून्य वेगळं दिसेल. कोरं दिसलं की अंदाज करायचा नाही, कुठे अडलं ते सांगून परत फिरायचं. पुढचं काम सांगणारा ठरवेल.

१४ फेब्रु.
चालवलं. एकच ओळ छापली: वरची वाडी, तारीख, नोंद नाही. मग थांबलं. खोलीभर यंत्र, आणि "मला ठाऊक नाही" म्हणालं. हात जोडावेसे वाटले. जोशीही हसला नाही.

२० फेब्रु., अकोले
साहेब : "अडणारं यंत्र काय कामाचं? घाल एखादा आकडा आणि मोकळा हो."
म्हणजे आता माझ्यावर आलं. शेजारच्या गावांच्या पावसावरून आकडा काढता येईल, पण तिथे ओढा गळ्याशी कुठे आला होता? दगडूबाबांना निरोप धाडलाय, पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवा; त्या खुणेवरून पुराचा हिशेब लागेल. उद्या वाडीवर निघतो. साहेबांनी नारळ सांगून ठेवलाय. कार्ड कोरंच आहे.