झाकलेला तांब्या

२ जानेवारी १९४९, बरकतपुरा
हैदराबादला नामपल्ली स्टेशनात उतरलो तेव्हा कोवळं ऊन पडलं होतं. पोलीस अॅक्शननंतर दफ्तरात मराठी जाणणारे हवे होते, म्हणून या वयात नोकरी मिळाली. खोलीही लगेच मिळाली. घरमालकीण सुशीलाबाई बोलक्या आहेत. त्यांचे यजमान लक्ष्मणराव चार वर्षं आतल्या खोलीत पडून आहेत, बोलत नाहीत. माझा वीस वर्षांचा दमा ऐकून बाई म्हणाल्या, घरात एक खोकणारा होताच, आता जोडी झाली.
दम्याचं काही नाही. त्याच्यामागून येणारी उदासी वाईट. बायको, भामा, होती तेव्हा पाठीवरून हात फिरवायची. ती गेली त्या सकाळी मलाच धाप लागली होती, तिच्याजवळ बसताही आलं नाही. विठ्ठलाचं नाव घेऊन दिवस काढतो.

५ जानेवारी
माझा चेहरा पाहून बाईंनी उपाय सांगितला. पाण्याच्या तांब्याला तोंड लावून दुःख बोलायचं, वर झाकण ठेवायचं. मग ते पाणी बाई अंगणात ओततील. "फिकर नक्को करा, भाऊ." हसू आलं, पण बोललो. भामाचंच बोललो.

११ जानेवारी
रोज बोलतो. धाप तशीच आहे, मन मात्र हलकं. दफ्तरात थट्टा करतो. एकच गोष्ट खटकते. अंगणात ओल कुठेच दिसत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
बाईंनी तिळगूळ दिला. भामाच्या हातचा कसा लागायचा, आठवेना.
दुपारी आतल्या दाराच्या फटीतून पाहिलं. बाई माझा तांब्या यजमानांच्या तोंडाला लावत होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, तुम्हाला नकोच होतं ना.

१७ जानेवारी
तीन दिवस तांब्याला शिवलो नाही. तरी सकाळी उशाशी असतो, झाकलेला. माझे ओठ ओले.

१९ जानेवारी
लक्ष्मणराव बोलू लागले. भामा, पाठीवरून हात फिरव, म्हणतात. मग देवाचं नाव घेतात.
बाईंना विचारलं, भामा कोण. त्यांनी तांब्यावर झाकण ठेवलं.

२० जानेवारी
या वहीचं पहिलं पान वाचलं. अक्षर माझं. हे सगळं माझं होतं? परत हवं, म्हणालो — उदासीसकट. बाईंनी तांब्या उपडा करून दाखवला.
देवघरापुढे बसलो. कुणाचं नाव घ्यायचं —

२२ जानेवारी
लक्ष्मणराव उठले. माझा कोट घालून दफ्तराला गेले. आतली खाट मला.
जाताना त्यांनी स्वतःचं म्हणून माझं नाव सांगितलं. विसरायच्या आत लिहून ठेवतो. मी —