झग्यांची खोली

सोमवार, १ सप्टेंबर

पोचलो एकदाचे. सामान उतरवणाऱ्यांनी एकच बशी फोडली, तीही मला न आवडणारी, म्हणजे शकुन चांगला. पाळकाच्या बायकोने शकुन-बिकुन म्हणू नये, पण इथे कोण वाचतंय.

घर छान आहे. खिडक्या नीट लागतात, नळाला धार आहे, आणि स्वयंपाकघरातली भट्टी एवढी मोठी की प्रभुभोजनाचा पाव आणि घरचा पाव एकदम भाजता येईल. मागच्या दाराने अंगण ओलांडलं की थेट चर्चची मागची खोली. पाळकांचे झगे तिथे टांगतात, म्हणून सगळे तिला झग्यांची खोली म्हणतात. एक खिडकी, भिंतीला खुंट्या, एक लांब बाक. बस.

मंडळीतले लोक दारात गाणं म्हणत उभे होते. एक बाई सगळ्यांच्या वर सूर लावत होत्या आणि त्यांना कोणाची पर्वा नव्हती. त्या शिवणकाम करतात. मला पाहिल्या पाहिल्या पडद्यांची मापं घ्यायला लागल्या. दुसरे चावीकाका. ते चर्च राखतात. कमरेला चाव्यांचा जुडगा, त्यामुळे आधी आवाज येतो आणि मग काका. म्हणाले, आधीचे पाळक इथून इतके समाधानाने गेले की त्यांना हाताला धरून गाडीत बसवावं लागलं, बूटसुद्धा घालायचे राहिले. आम्ही सगळे हसलो.

हे खूश आहेत. माणसं चांगली दिसतात, म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी ह्यांच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पावात मीठ दोनदा पडलं. ह्यांनी मुकाट्याने खाल्लं. मला कळलं नाही, कारण माझ्या जिभेला चवच नाही. मागच्या वर्षी भिंगरी गेली तेव्हापासून. डॉक्टर म्हणतात, येईल. ही वही लिहायलाही त्यांनीच सांगितलं.

भिंगरी आमची मुलगी. क्षणभर एका जागी बसायची नाही, म्हणून माझ्या आईने ते नाव पाडलं आणि तेच राहिलं. सात वर्षांची होती. ताप मेंदूत गेला. इथे अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की लोक हात धरतात, आणि मला मग त्या हाताचं काय करायचं ते कळत नाही.

प्रार्थना करते. दात घासते तशी करते. पलीकडे कोणी आहे असं वाटत नाही, नाही असंही वाटत नाही. ह्यांचं माझ्याहून कठीण आहे. ह्यांना दर रविवारी उभं राहून बोलावं लागतं. जेवणाआधी मान खाली घालतात, पण ओठ हलत नाहीत. मी बघते हे त्यांना माहीत आहे. तो विषय आम्ही काढत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

दुपारी हे झग्यांच्या खोलीत उपदेशाची तयारी करायला गेले आणि गुणगुणत परत आले. दोनदा वाढून घेतलं. मी कणीक मळत होते, तर माझ्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘‘त्याने उत्तर दिलं.’’

कोणी, असं मी विचारलं. म्हणाले, आणखी कोण देणार? बाकावर बसल्या बसल्या शेजारून आवाज आला. हळू, जणू कोणी कधीचं वाट बघत बसलं होतं. शेजारी कोणी दिसत नव्हतं. भिंगरीला हे खांद्यावर घेत तेव्हा ती कान धरून ह्यांना गाडी वळवल्यासारखं वळवायची, ते त्याने सांगितलं. घरातल्यांखेरीज हे कोणाला ठाऊक असणार?

हे रडत होते आणि हसत होते. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, हाताला पीठ होतं, सदरा पांढरा झाला. मला आनंद व्हायला हवा होता. मनात एवढंच आलं की मग माझ्याशी का नाही बोलला.

रविवार, १४ सप्टेंबर

ह्यांचा उपदेश आज वेगळाच झाला. लोक डोळे पुसत होते. उपासना संपल्यावर शिवणाऱ्या बाईंना हे त्या खोलीत घेऊन गेले. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. बाई बाहेर आल्या तेव्हा अगदी टवटवीत. माझे पडदे फुकट शिवून देते, म्हणाल्या.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, ते कान धरण्याचं पुन्हा सांगा ना. म्हणाले, ‘‘कोणाचे कान?’’

दमले असतील.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज मीही त्या खोलीत गेले.

दुपारचं ऊन खिडकीतून बाकावर पडलं होतं. मी एका टोकाला बसले. काही बोलले नाही, मागितलं नाही. जरा वेळाने बाक पलीकडच्या बाजूने किंचित दबला. कोणी दिसत नव्हतं. मग आवाज आला. पुरुषाचा नाही, बाईचाही नाही. आजारी माणसाशी बोलतात तसा मऊ. म्हणाला, ओला मोजा तिला मुळीच खपायचा नाही. एकच काढायची आणि दुसरा तसाच ठेवून घरभर लंगडी घालायची.

मी रडले. दफनाच्या दिवशीही नव्हते रडले. पोटातून रडले, झग्याच्या बाहीला तोंड पुसलं.

घरी येऊन चहा केला तर तो गोड लागला. गोड! आईला फोन करून मोज्याचं, चहाचं, सगळं सांगितलं. आई पण रडली.

शनिवार, २० सप्टेंबर

रोज जाते आहे. काल कांदा लागला जिभेला, आज लोणी. आम्ही दोघं एका ताटात जेवलो.

दुपारी शिवणाऱ्या बाई आल्या. काखेत पडदे आणि हातात चौकटीतला फोटो. ‘‘पाळकबाई, हा माणूस कोण हो? माझ्या भिंतीवर कोणी लावला?’’

फोटोत त्या स्वतः होत्या, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून एक जाड मिशीवाले गृहस्थ. मी म्हटलं, अहो, तुमचे यजमान. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला. ‘‘असेल बाई,’’ म्हणाल्या, दुसऱ्याच्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. मग चौकट चांगली आहे, तुम्हाला हवी तर ठेवा, असं म्हणून टेबलावर ठेवून गेल्या. गाणं गुणगुणत गेल्या.

रविवार, २१ सप्टेंबर

आईचा फोन आला. म्हणाली, तुझ्या त्या मोज्याच्या गोष्टीने मला रात्रभर हसू येत होतं गं. मी म्हटलं, कुठला मोजा?

आईला वाटलं मी थट्टा करते आहे. अगं, बुधवारी रडत रडत तूच सांगितलंस, एक पाय ओला, एक कोरडा, घरभर लंगडी. मी डोळे मिटून पाहिलं. माझी मुलगी लंगडी घालताना मला दिसेना. घर दिसलं, फरशी दिसली. फरशीवर कोणी नव्हतं.

आईला काही सांगितलं नाही. तिला विचारलं, तुझ्याशी देव बोलतो का? आई म्हणाली, ‘‘तुझे बाबा वर्षातून चार वाक्यं बोलायचे. पण तुला यायला उशीर झाला की दारातला दिवा विझवू द्यायचे नाहीत. बोलत नाही म्हणजे घरात नाही, असं कोणी सांगितलं तुला?’’

मग म्हणाली, जेवलीस का?

मंगळवार, २३ सप्टेंबर

शेवटचं म्हणून गेले. विचारायला गेले.

भिंगरी गेली तेव्हा आम्ही दोघंही खोलीत नव्हतो. आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं होतं. ती काही बोलली का, कोणाला हाक मारली का, ते मला माहीत नाही, ह्यांना माहीत नाही. देवाला माहीत असणार. म्हणून बाकावर बसले आणि विचारलं, ‘‘शेवटी ती काय म्हणाली?’’

बाक दबलेला होता. मी पुन्हा विचारलं.

‘‘तुला काय वाटतं?’’ तो म्हणाला. ‘‘काय म्हणाली असेल? तू सांग.’’

त्याला माहीत नाही. आमच्याजवळ जे आहे तेवढंच त्याला माहीत असतं. ते तो काढून घेतो, आणि काढताना एकदा आम्हाला ऐकवतो.

मी उठले. पाठीमागून माझ्याच आवाजात कोणी म्हणालं, ‘‘थांब ना.’’

बुधवार, २४ सप्टेंबर

ह्यांना सगळं सांगितलं. हात धरून सांगितलं, तो देव नाही, तुम्ही तिथे जाऊ नका, भिंगरीसाठी तरी जाऊ नका. ह्यांनी शांतपणे ऐकलं.

‘‘भिंगरी कोण?’’

मी तिचं खरं नाव सांगितलं. नाव छान आहे, म्हणाले. चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही. आमचं लग्न झालं तेव्हा असे दिसायचे. म्हणाले, येत्या रविवारी सगळ्या मंडळीला एकेक करून बाकावर बसवणार आहे. किती लोक ओझं घेऊन फिरतात बिचारे.

जिभेची चव पुन्हा गेली. बरं झालं.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

खोलीला कुलूप लावायचं ठरवलं. चावीकाका चर्चच्या पायरीवर बसले होते. जुडगा मांडीवर. माझ्याकडे पाहून हसले आणि विचारलं, ‘‘ताई, ही लोखंडं कसली आहेत?’’

मी जुडगा घेतला. त्यांनी देऊन टाकला. एकेक चावी लावून पाहिली, शेवटी लागली. कुलूप लावताना आतून कोणी बाकावरून उठल्याचा आवाज आला. मग दाराला पलीकडून कोणी टेकलं. मीही टेकून उभी होते. भीती म्हणावी असं काही वाटलं नाही. थंडीत बोटं बधिर होतात तसं सगळं झालं होतं.

चाव्या अंगणातल्या विहिरीत टाकल्या.

प्रार्थना केली. उत्तर नाही. माझं काही गेलंही नाही. उठले तेव्हा भिंगरीचा पुढचा पडलेला दात मला आठवत होता, तसाच.

शनिवार, २७ सप्टेंबर

कुलपाने काही झालं नाही.

सकाळी हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते. तोंड थोडं उघडं. ओठ हलत नव्हते आणि आतून आवाज येत होता. आता मऊ नाही. तिचा आवाज. आई, मी झाले त्या दिवसाचं सांग ना. आई, सांग ना. डोळे ह्यांचेच, माझ्याकडे बघत होते, त्यांत पाणी होतं. म्हणजे हे आत आहेत. कुठेतरी आहेत.

तिच्या आवाजाला मी नाही म्हटलं. आई म्हणून हाक मारत होती आणि मी नाही म्हटलं.

कानात कापूस घातला. ह्यांना घास भरवला. गिळतात.

संध्याकाळ

आता ऐकावंही लागत नाही. आठवलं की जातं. दात गेला. कुठला दात, ते वर लिहिलंय म्हणून कळलं. तिचा विचार करायचा नाही. भांडी घासायची. भट्टी पुसायची. तिचा विचार न करणं म्हणजेही—

रविवार, २८ सप्टेंबर

घंटा झाली नाही. तरी लोक आले. अंगणात उभे आहेत, कुलपाकडे तोंड करून. बसत नाहीत. जे त्या बाकावर कधी बसले नव्हते तेही हसताहेत. शिवणाऱ्या बाई पुढे आहेत. अनवाणी.

आई फोन करते आहे. उचलला. एक म्हातारी बाई रडत होती. चांगली होती बिचारी. जेवलीस का म्हणाली. मी— ती माझी आई. आई. लिहून ठेवते. ती माझी आई आहे.

दुपार

हे खुर्चीवरून उठले. दार उघडून अंगणात गेले. लाकूड फुटल्याचा आवाज.

मग सगळे एकेक करून आत जाताहेत.

—

स्वयंपाकघरात गुडघ्यावर आहे. वही फरशीवर. तोंडाने म्हटलं तर त्याला ऐकू जाईल, म्हणून लिहून म्हणते.

देवा, तू बोलू नकोस. तू गप्प आहेस तसाच राहा, त्यावरूनच मी तुला ओळखते आता. मला काही वाटत नाही. विश्वास आहे का तेही कळत नाही. पण मी दुसरीकडे गेले नाही. इथेच आहे, हे तुला दिसत असेल.

माझी एक मुलगी होती. एवढंच उरलंय. कशी होती ते तुझ्याकडे आहे ना? तू ते सगळं ठेव. मला परत देऊ नकोस, माझ्याकडे राहणार नाही. ह्यांचंही तुझ्याकडे ठेव.

हे मी मागते—

ज्याच्या नावाने आम्ही प्रत्येक प्रार्थना संपवतो, त्याच्या. ते नाव. लहानपणापासून रोज. दोन अक्षरं आहेत. ओठांवर येतंय आणि—

नाही.

दारात कोणी उभं आहे. पावलं लहान आहेत.

ते नाव नाही येत. नसू दे. ज्याचं आहे त्याच्या नावाने मागते. मला त्याचं आठवत नाही, पण त्याला माझं