पास झालेले एकसष्ट खडे

विक्रोळी, शनिवार

ती. भाऊराव यांस शरच्चंद्रचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जमत नाही, तेवढा कागदावरच गोड मानून घ्या.) तुमची शुगर आटोक्यात असेल, वहिनींची पाठ बरी असेल आणि तुमच्या बहिणीचा, म्हणजे आमच्या मालनचा, मुरगळलेला पाय आता ठीक असेल अशी आशा आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. पण तुमचा फोन हल्ली मालनच उचलते, आणि तुमच्याकडे व्हॉट्सअॅप सगळे मिळून मोठ्याने वाचतात.

तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्या दारापुढची पायरी फुटली, तिच्यावरून मालन पडली आणि रागारागाने तुमच्याकडे बोरीवलीला निघून आली. जाताना म्हणाली, नवी पायरी होईल तेव्हाच ह्या घरात येईन, आणि तिच्यावर पहिलं पाऊल माझंच पडेल. मी म्हटलं, हात्तिच्या, दोन दिवसांचं काम! आज त्याला पाच आठवडे झाले. सिमेंट आलं, रेती आली, खडीही आली. पण भाऊराव, आलेला माल जसाच्या तसा वापरायला मी काय अडाणी आहे? कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. (जानेवारीत रिटायर झालो तेव्हा शालीबरोबर जाडी मोजायचा माझा व्हर्नियर कॅलिपरही भेट दिला. माझ्या जागी येणारा माणूस सुखाने जगावा म्हणून असेल.) दुकानदार म्हणाला, वीस एमएमची खडी आहे. गोणी उघडून पहिला खडा मोजला, तर सतरा! दुसरा अकरा! म्हटलं, ही तर उघड उघड फसवणूक. मग पाट घेऊन दारातच बसलो आणि एकेक खडा मोजायला घेतला.

सकाळी भाताच्या रोवळीत खडी धुवायची (धूळ राहिली तर सिमेंट नीट धरत नाही, हे अगदी खरं आहे), दुपारी मालनच्या पापडांच्या प्लास्टिकवर वाळवायची, संध्याकाळी मोजायची. अर्धा एमएम इकडेतिकडे चालवून घेतला, मी काही राक्षस नाही. पण चपटा असेल तर रिजेक्ट, लांबट असेल तर रिजेक्ट. प्रत्येक नापास खड्याला दुसऱ्या दिवशी फेरतपासणीची संधी दिली. (कोणाचंही करिअर एका दिवसात ठरू नये.) एक खडा वरणभातात गेला आणि माझी दाढ तुटली. डॉक्टरांनी काढून दिला तो तिथेच मोजला. चार एमएम. रिजेक्ट.

असे एकूण एकसष्ट खडे पास झाले. श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेत, डबा अर्धाही भरला नाही. नापासांचा ढीग मात्र गल्लीत एवढा वाढला की चाळ कमिटीच्या सेक्रेटरी सुंदराबाईंनी माझ्या दारावर नोटीस चिकटवली. आता मला कॅलिपरचाच संशय यायला लागला. परवा तो तपासून घ्यायला मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. निर्दोष असल्याचं सर्टिफिकेट मिळालं. ते वाचत वाचत खुशीत घरी आलो, दारात पाय टाकला आणि घोट्यापर्यंत आत गेलो. सुंदराबाईंनी नापासांचा सगळा ढीग सिमेंट-रेतीत कालवून पायरी ओतली होती! मी ओरडलो, वाट लावलीत! तर त्या हात धूत म्हणतात, "भाऊ, मोठ्या खड्यांच्या फटीत बारकी खडी बसते म्हणून तर काँक्रीट घट्ट होतं. सगळे एकाच मापाचे असते तर ही चाळ तरी उभी राहिली असती का?" पाय सिमेंटमध्ये अडकलेला असताना वाद घालणं अवघडच जातं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
शरच्चंद्र

ता. क. – खरं म्हणजे पायरीसाठी पत्र लिहिलंच नाही. मालनला पाठवून द्या हो. घर खायला उठतं. मला एक कप चहा करता येत नाही, दोनच होतात.

ता. क. २ – पायरीवर माझ्या नऊ नंबरच्या चपलेचा ठसा कायमचा उमटलाय. (सुंदराबाई थापी फिरवते म्हणाल्या, पण मी रागाने दार लावून घेतलं.) पहिलं पाऊल तिचं पडायचं होतं. काहीतरी गोड थाप मारून ठेवा.

ता. क. ३ – पाकीट बंद करणार एवढ्यात सुंदराबाई येऊन सांगून गेल्या. पायरी करायला त्यांना मालननेच सांगितलं होतं, आणि तेही पाच आठवड्यांपूर्वी, तुमच्याकडे पोचली त्याच दिवशी. पण पुढे खडीचं कळल्यावर त्यांना फोनवर म्हणाली म्हणे, "रिटायर झाल्यापासून हे नुसते भिंतीकडे बघत बसायचे. आता खड्यांशी तरी भांडतायत. ह्यांचं मन भरू दे, मग ओता." भाऊराव, वरची पहिली ता. क. खोडली असं समजा. तिला पाठवू नका, उद्या मीच न्यायला येतो. येतोय हे मात्र तिला कळू देऊ नका, नाहीतर म्हणेल, एवढ्यात कशाला, अजून एक गोणी खडी मागवा.