छपरातून गेलेली रेघ

ती. मामांस,

गुडघे टेकून नमस्कार (ऑपरेशननंतर तुमचे टेकत नाहीत असं मामी फोनवर म्हणाली, म्हणून दोघांच्या वतीने मीच टेकले असं समजा). इंचॉनला एकोणिसाव्या मजल्यावर हवा चांगली असेल. इथे आपल्या गावात, साल्गुगोलमध्ये, सगळे ठीक आहेत. ‘सगळे’ म्हणजे आता किती, ते पुढे येईलच. शाळाही ठीक आहे, म्हणजे भिंती ठीक आहेत.

तुमच्या बंद शाळेत संग्रहालय करायचं तालुक्याचे प्रमुख माक साहेब यांनी ठरवलं आणि संख्याशास्त्र शिकलेली म्हणून काम माझ्याकडे आलं, तेव्हा तुम्ही एकच अट घातली होती. छपराला हात लावायचा नाही. ती कौलं तुम्ही आणि गावकऱ्यांनी हातोहात वर चढवली होती. मी हो म्हणाले होते. आता पुढचं बसून वाचा.

व्हरांडा तीस मीटरचा आहे. त्याच्या भिंतीवर शेतीच्या सुरुवातीपासूनची दहा हजार वर्षं मांडायची, म्हणजे एका वर्षाला तीन मिलिमीटर (तुमची सगळी नोकरी अकरा सेंटिमीटर होते, मला वाटलं होतं जास्त भरेल). जगातल्या माणसांची रेघ निळी, जगाच्या कमाईची लाल. पहिलीच्या वर्गापासून निघून दोघी फरशीलगत सरपटत येतात, इतक्या कंटाळवाण्या की माक साहेबांनी मध्ये कुंड्या ठेवायला सांगितल्या. तुमच्या ऑफिसच्या दाराशी मात्र दोघी उठतात. निळी माझ्या डोक्यापर्यंत येते. लाल रेघ दोनशे वर्षांपूर्वी घोट्याशी आहे आणि आज आठ मीटरवर. छप्पर तिथे पाच मीटरवर आहे.

आमच्या शास्त्रात यावर इलाज आहे. एक वीत वर गेलं की आकडा दहापट, अशी मोजपट्टी घ्यायची. सगळं घरातल्या घरात मावतं. मी तसा कागद चिकटवला आणि गावच्या बैठकीतल्या म्हाताऱ्यांना दाखवायला बोलावलं. नव्वदीची येचॉनवाली आजी नाक लावून बघत राहिली.

“मी पाइनची साल उकडून खाल्ली ते इथे, आणि नातवाची मोटार तिथे? मध्ये एवढंच?”

मी दहापटीचं समजावून सांगितलं.

“पोरी, तुझ्या शास्त्राला कधी भूक लागलेली दिसत नाही,” आजी म्हणाली. बाकीच्या हसल्या. माक साहेबही हसले (या सगळ्या मतदार आहेत) आणि म्हणाले, “आजींचं बरोबर आहे. खरी उंची दाखवा. छप्पर आडवं येत असेल तर छपराने सरकावं.” त्या आठवड्यात ग्वाक मिस्त्री करवत घेऊन आले. मी विरोध केला, पण मोजमाप माझंच होतं आणि ते बरोबर होतं.

आता लाल रेघ नळी होऊन छपरातून तीन मीटर वर गेली आहे. तिचा फोटो काढायच्या वेळी येचॉनवाली आजी नेमकी तिथे पाठ टेकून उभी राहिली. तिची नव्वद वर्षं म्हणजे सत्तावीस सेंटिमीटर. तिच्या पाठीमागे ती सगळी झाकली गेली. फोटोवाला म्हणाला, जरा सरका. “सरकू कशाला? हे सगळं माझ्याच देखत झालंय,” असं म्हणून तिने खिशातलं भाजलेलं चेस्टनट त्याच्या हातावर ठेवलं. मी तक्त्यांकडे बघून हळवी होणारी नाही. त्या दिवशी तक्त्यावरून नजर काढायला जरा वेळ लागला एवढंच.

भोकाभोवती पत्रा बसवायचा राहिला. ग्वाक मिस्त्री शिडीच्या खालच्याच पायरीवरून घसरले आणि पाय मुरगळून बसले. ते एकाहत्तरचे आहेत. साल्गुगोलमध्ये छपरावर चढू शकेल असं साठीच्या आतलं कोण, हे मी मोजलं. यादीत एकटी मीच उरले. शहरातले ठेकेदार म्हणतात, पावसाळा संपल्यावर बघू. परवाच्या सरीत पाणी लाल रेघ धरूनच खाली उतरलं आणि तुमच्या दारापाशी तळं साचलं. जगाची कमाई छपराबाहेर गेली आहे, मामा, आणि छप्पर शाकारायला माणूस नाही. (साल्गुगोलच्या माणसांची वेगळी रेघही मी काढली होती. ती खालीच उतरत गेली, म्हणून पुसून टाकली.)

मी दिलेला शब्द मोडला याचं वाईट वाटतं. आणखीही कशाचं तरी वाटतं, ते नेमकं मांडता आलेलं नाही.

तुमची भाची,
उन-सोल

ता. क. मामीने मागितलेली सुकवलेली तेंदूसारखी फळं, आपली पर्सिमन, वेगळ्या पार्सलने पाठवली आहेत. त्यावर लिहिलंय: मामांना सगळी देऊ नयेत.

ता. क. २. काढलेली कौलं तुमच्या ऑफिसात रचून ठेवली आहेत, एकही फुटलेलं नाही. मी चढणार आहे. पण कुठलं कौल कुठल्यावर चढवायचं हे तुम्हालाच माहीत आहे आणि फोनवर ते समजणार नाही. तुम्ही येता का? तुम्ही चढायचं नाही. खाली शिडी धरून मला ओरडायचं. त्याला गुडघे वाकवावे लागत नाहीत, मी पाहून ठेवलंय.

ता. क. ३. येचॉनवाली आजी विचारत होती, मास्तर किती दिवस राहील. पुढचे अंदाज बांधणं हा माझा पेशा आहे. तुमच्या गादीला ऊन दाखवून ठेवलं आहे.