मावशीच्या सुपातला भूकंप

मंगळवार, संध्याकाळ. लातूर

ज्यांच्या क्लासात मी शिकवतो त्या सरांवरचा राग अजून उतरला नाही. स्वतःवरचा तर नाहीच.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या स्मरणदिनाच्या कार्यक्रमात पोरांना खराखुरा भूकंप ऐकवायचा, ही त्यांची कल्पना. मी लगेच हो म्हणालो. मावशी ज्वारी पाखडत होती, तो आवाज मोबाईलवर घेतला. कॉम्प्युटरवर त्याचे बारीक तुकडे केले, आवाजाच्या प्रोग्राममध्ये पडद्यावरचे डबे वायरींसारख्या रेघांनी जोडून ते ताणले, एकावर एक रचले, पार खर्जात नेले. तिच्याच सुपातली ज्वारी, आणि तिला सांगितलंसुद्धा नाही.

आज सर घरी ऐकायला आले. मी आवाज मोठा केला आणि चहा घेऊन येणारी मावशी दारातच खाली बसली. चहा सांडला. "बंद कर ते," एवढंच म्हणाली. त्या पहाटे ती कोसळलेल्या मातीच्या माळवदाखाली गाडली गेली होती, दुपारी बाहेर काढली. सरांना हे माहीत आहे.

सर म्हणाले, "मावशी घाबरल्या म्हणजे जमलं. बेस वाढव जरा." लिहायला लाज वाटते, पण मला क्षणभर बरं वाटलं.

ते गेल्यावर मी मावशीला सांगून टाकलं, ती तुझीच ज्वारी होती. ती फरशी पुसत म्हणाली, "वरच्या माणसांचं बोलणं मला समदं ऐकू येत हुतं. माझं कुणाला जात न्हवतं."

प्रोग्राममधल्या सगळ्या वायरी काढून टाकल्या. काय उपयोग?

आत्ता ती पाखडायला बसली. सूप उचलायच्या आधी तिनं माझा मोबाईल कुठे आहे ते पाहिलं.