बाबांची उंची

प्रिय दादू,

फोनवर सगळं ठीक आहे म्हणाले, ते निम्मंच खरं होतं. तुझी पिटुकली अकरा वर्षांची झाली आणि वर्गात सगळ्यांत बुटकी राहिली. मैत्रिणी भराभर वाढल्या, ही त्यांच्या खांद्याशीच. कोणी इंजेक्शनं सुचवली, कोणी दांडीला लटकायला सांगितलं. मी जन्मभर पी.टी.ची बाई, शेकडो पोरं उंचीप्रमाणे उभी केली. पण स्वतःच्या नातीची वेळ आली तेव्हा माझी बोबडी वळली. सूनबाईने मात्र कोणाचं ऐकलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला सरळ मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी बरी मागे राहीन!

काय बाई आहेत रे त्या! स्वतः जेमतेम माझ्या कानापर्यंत पोचतील, पण रुबाब बघावा. टाचा, पाठ, डोकं भिंतीला टेकवायचं, नजर समोर, केस मोकळे. एकदा नाही, तीनदा मोजलं. मग म्हणाल्या, आता आई. सूनबाई मोजून झाली तशी मी आगाऊपणाने माझी उंची सांगून टाकली, तर मलाही बूट काढायला लावले. चक्क दीड इंचाने खोटी पडले! सांगितलेल्या उंचीवर त्यांचा विश्वास नाही म्हणे, आणि पुरुष तर हमखास वाढवून सांगतात. पिटुकली पोट धरधरून हसली. बऱ्याच महिन्यांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

मग रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडं किती वयाची आहेत ते त्यावरून कळतं. शिवाय वाढीचा वेग बघायचा म्हणून सहा महिने थांबून पुन्हा मोजायचं ठरलं. तेवढे दिवस माझा जीव नुसता टांगणीला. आजार तर नसेल ना, एवढंच डोक्यात. सूनबाईने मात्र पोरीसमोर चेहरा कधी पडू दिला नाही. तुला आवडो न आवडो, मला तिचं फार कौतुक वाटतं.

गेल्या आठवड्यात निकाल कळला. आजार नाही! हळू का होईना, नेमाने वाढतेय. आणि हाडं अजून नऊ वर्षांच्या मुलीची आहेत, म्हणजे वाढायला वेळ शिल्लक आहे. घरात आणखी कोणी असं उशिरा वाढलं का, त्यांनी विचारलं. मी टुणकन उठले. अरे, दहावीपर्यंत रांगेत तू पहिला असायचास, आणि कॉलेजात गेल्यावर दर सुट्टीत तुझी पँट आखूड! डॉक्टरीणबाई खूश झाल्या. बहुतेक बापावर गेली आहे, इंजेक्शनं नकोत, अधूनमधून मोजत राहू, म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

तुझी उंची तेवढी लिहायची राहिली होती. एरवी त्या अंदाज चालवून घेत नाहीत, पण बाप दूर राहतो म्हटल्यावर म्हणाल्या, असू दे, अंदाजे सांगा. मी तोंड उघडणार तोच पिटुकली म्हणाली, नको, बाबा येतील तेव्हा मोजा. तू घर सोडून तीन वर्षं झाली दादू, तुझं नाव तिने स्वतःहून पहिल्यांदाच काढलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढच्या महिन्यातल्या पहिल्या बुधवारची वेळ दिली. तुमच्या नवराबायकोच्या भांडणात मी पडत नाही. पण तू ये. काल सूनबाईने मागच्या खोलीतली गादी उन्हात घातली, आणि मला म्हणाली, आई, त्यांना पत्रच लिहा, फोनवर ते टाळतील. पण मी सांगितलं असं मात्र लिहू नका. म्हणून ते लिहीत नाही.

तुझीच,
आई